मांडीतल्या सळईविषयी वडील बंधूचा निर्णय

चिरंजीव नानास वडील बंधूचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या आरंभी प्रकृतीची विचारपूस करावी, हा शिष्टाचार मी आजवर मोडलेला नाही. परंतु तुझी प्रकृती मला तुझ्याहून अधिक तपशिलाने ठाऊक आहे. तू लेकीकडे राहायला गेलास, तेथे पडलास आणि इस्पितळात पोहोचलास, तेव्हापासून ती रोज फोनवर सर्व सांगते आणि तुझ्या हाती फोन दिला की तू ‘बरा आहे’ एवढे म्हणून तो तिला परत करतोस. (वय एकाहत्तर, मांडीचे हाड खुब्यापाशी मोडलेले, पायाला वजन टांगलेले, आणि म्हणे बरा आहे! तुझे हे ‘बरा आहे’ मी तू चौथीत नापास झालास तेव्हापासून ऐकतो आहे.) माझी प्रकृती अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असावी तशी आहे. तुझ्या वहिनीची प्रकृती माझ्या काळजीने निम्मी झाली, असे ती म्हणते. वजनकाटा तिला दुजोरा देत नाही.

आता मुख्य विषय. तुझ्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की हाडात पोलादाची सळई घालून ते सांधले तर महिन्या-दोन महिन्यांत तू काठी घेऊन चालू लागशील, आणि न सांधले तर उर्वरित आयुष्य खाटेवर जाईल. शुक्रवारच्या पुढे थांबता येणार नाही, असेही ते म्हणाले. तू नकार दिलास. आपल्या वडिलांच्या नियमाप्रमाणे लोखंड देवघराचा उंबरठा ओलांडत नाही. मग मांडीत लोखंड घेतलेला मनुष्य तो कसा ओलांडणार, असा प्रश्न तू डॉक्टरांना केलास. त्या सज्जन गृहस्थांना वैद्यकाच्या परीक्षेत हा प्रश्न आलेला नसावा. त्यावर ‘दादा सांगेल ते खरे’ असे म्हणून तू भिंतीकडे तोंड फिरवलेस. दादाने काय केले, ते आता विस्ताराने वाच. वेळ आहे तुला.

प्रथम मी दोन दिवस ग्रंथ उपसले. कोणते पात्र राखेने शुद्ध होते, कोणते आंबटाने आणि कोणते नुसत्या वाऱ्याने, याविषयी पूर्वाचार्यांनी इतके लिहून ठेवले आहे, की त्यांच्या घरी भांडी कोण घासत असे, याची मला प्रथमच शंका आली. शस्त्रांविषयी आहे, नांगराविषयी आहे, रथचाकाच्या लोखंडी धावेविषयी आहे. मांडीतल्या सळईविषयी मात्र सर्व आचार्य मौन बाळगून आहेत. तेव्हा मी ठरवले, की नियमाची व्याप्ती आचरणाने तपासावी. एक संपूर्ण दिवस लोखंडाला स्पर्श न करता काढावा आणि हा पदार्थ आपल्या संसारात कुठवर शिरला आहे, ते पाहावे.

तो प्रयोग पहाटे आरंभला आणि सकाळी सव्वासातला समाप्त झाला. चष्म्याच्या दांडीला लोखंडी स्क्रू आहे म्हणून चष्मा घातला नाही. नळाला हात लावला नाही. पाणी तुझ्या वहिनीने काढून दिले. (देताना ती काही पुटपुटली. ते स्तोत्र नव्हते.) स्नान यथासांग झाले आणि मग ध्यानात आले, की आत शिरताना सवयीने मी दाराची कडी लावून घेतली होती. कडी पोलादाची. पाच मिनिटे गेली, दहा गेली.

“काय झालं? पडलात का?” बाहेरून तुझ्या वहिनीचा आवाज आला.

“नाही. विचार करतो आहे.”

“मग कडी काढा आणि बाहेर येऊन करा.”

“कडी पोलादाची आहे.”

“बरं,” ती म्हणाली, “मग राहा आतच. भावजींना फोन करून सांगते, दादा न्हाणीघरातून निकाल देणार आहेत.”

वस्त्राआडून केलेला स्पर्श हा स्पर्श मानावा की न मानावा, यावर ग्रंथांत मोठा ऊहापोह आहे. तो मला मुखोद्गत आहे. तथापि अंगावर पंचा एकच होता आणि तो हाताला गुंडाळावा तर अन्य प्रश्न उपस्थित होत होते. अखेरीस मी उघड्या हाताने कडी काढली. त्यानंतर चष्मा घालून घरभर फिरलो आणि मोजदाद केली. देवाच्या हाराची फुले ज्या सुईने ओवतो, ती सुई पोलादाची. नैवेद्याचे फळ कापतो, ती सुरी पोलादाची. ज्या टाकाने मी चाळीस वर्षे लोकांना शुद्धाशुद्धतेचे सल्ले लिहून पाठवले, त्याचे टोक पोलादाचे. देवघराच्या दाराला बिजागऱ्या तीन, प्रत्येकीस स्क्रू सहा. सर्वांत शेवटी मी वाकून उंबरठा पाहिला. नाना, तो चार मोठ्या खिळ्यांनी जमिनीत ठोकलेला आहे. लोखंडाने ओलांडू नये म्हणून आपण ज्याची राखण केली, तो उंबरठा इतकी वर्षे लोखंडानेच जागेवर धरून ठेवला होता. मी तेथेच जमिनीवर बसलो.

परंतु हार मानणे माझ्या स्वभावात नाही. मी फ्रिजच्या दारावरचे लोहचुंबक काढले आणि स्वयंपाकघरातल्या फडताळापुढे बैठक मारली. चुंबकाला चिकटेल ते लोखंड, न चिकटेल ते अन्य काही, असा सरळ न्याय. डबे, वाट्या, पातेली, पळ्या यांचे मी दोन ढीग केले. न चिकटणारा ढीग मोठा झाला, तेव्हा मला अत्यंत आनंद झाला. पोलाद म्हणून ज्यांची आजवर निंदा केली, ती भांडी पोलादाची नव्हतीच, असा निष्कर्ष मी मोठ्याने जाहीर करत होतो, तोच आमचे जावईबापू आले. (ते पोलादाच्या कारखान्यात भट्टीवरचे अभियंता आहेत, हे तुला ठाऊकच आहे. लग्नात त्यांच्या पत्रिकेपेक्षा त्यांच्या धंद्याविषयी मी अधिक प्रश्न विचारले होते.)

“बाबा, दोन्ही ढीग स्टीलचेच आहेत,” ते अत्यंत अदबीने म्हणाले. “ह्यात निकेल जास्त घातलंय म्हणून चुंबक धरत नाही, एवढंच.”

“म्हणजे चुंबकाला फसवता येते?”

“चुंबकाला येतं. तुम्हाला फसवण्यापेक्षा मी कारखानाच दाखवतो. उद्या या. बघा, आणि मग द्या काय तो निकाल.”

दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता कारखान्याच्या फाटकाशी पोहोचलो. (तुझी वहिनी मला एकटे सोडत नाही. न्हाणीघराच्या प्रकरणानंतर तर मुळीच नाही.) तेथे बूट दिले, त्यांच्या पुढच्या टोकात पोलादाची टोपी बसवलेली होती, डोक्याला शिरस्त्राण दिले, आणि खिडकीतल्या पहारेकऱ्याने एक छापील कागद पुढे ओढून प्रश्न विचारण्यास आरंभ केला. नाव, वय, दमा आहे का, चक्कर येते का.

“शरीरात काही धातू? सळई, पट्टी, तार, हृदयाचं यंत्र?”

मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, की आमच्या घरात लोखंड देवघरातसुद्धा येऊ देत नाहीत, शरीरात कोठून येणार? लिहा, काही नाही.

“‘हो’ लिहा,” तुझी वहिनी माझ्या मागून म्हणाली. “तार आहे. छातीत. सात ठिकाणी.”

पहारेकऱ्याने पेन थांबवले. त्याने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि शहाण्या माणसासारखे विचारले, “आजोबा, बसता का जरा? पाणी देऊ?”

मी बसलो. पाणी प्यालो. ते पोलादाच्या पेल्यात होते.

नाना, नऊ वर्षांपूर्वी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, तेव्हा छातीचे हाड उभे कापून पुन्हा जोडले, हे मला ठाऊक होते. ते कशाने जोडले, हे मी कधी विचारले नाही. सदरा शिवतात तसे दोऱ्याने शिवले असेल, अशी माझी समजूत होती. तुझ्या वहिनीने फाटकापाशी त्या बाकावर सर्व सांगितले. डॉक्टर बाहेर आले होते, हाड पोलादाच्या तारेने बांधावे लागेल म्हणाले. ती रडत होती, आणि सही तू केलीस. आणि तिला बजावलेस, “दादाला कळू देऊ नको, वहिनी. नियम मोडला असं त्याला वाटलं तर वाचूनही तो वाचणार नाही. पाप लागलं तर मला लागेल.” इतकेच नव्हे, पडल्यानंतर तू तिला फोनवर म्हणालास म्हणे, की त्या सहीचा हिशेब आता पायाने चुकता होतो आहे. हे ऐकेपर्यंत मी समजत होतो, की तू नियमापायी हट्ट धरला आहेस. तू तर शिक्षा भोगायला निजला आहेस! एखाद्याने भावाचा जीव वाचवावा आणि त्याबद्दल नऊ वर्षे देवाकडे गुन्हेगारासारखे पाहावे, एवढा मूर्ख मनुष्य आपल्या घराण्यात माझ्याखेरीज दुसरा असेल, असे मला वाटले नव्हते.

पहारेकऱ्याने कोणाला तरी विचारले आणि तारांना हरकत नाही, हृदयात यंत्र असते तर पुढे सोडले नसते, असे सांगून आम्हांस आत जाऊ दिले. मी एका हाताने छाती धरून चाललो होतो. ती प्रथमच माझ्याहून निराळी कोणीतरी वाटत होती.

आत जे पाहिले, ते शब्दांत मांडण्यास माझी साठ वर्षांची ग्रंथसंपत्ती अपुरी आहे, तरी प्रयत्न करतो. प्रथम भंगाराचे आवार. तेथे टेकड्या आहेत. मोडक्या सायकलींच्या, पलंगांच्या, पत्र्यांच्या, पाइपांच्या, कोणाच्या गाडीच्या दरवाजांच्या. वरून एक चुंबक उतरते. (फ्रिजवरच्या चुंबकाचा हा विश्वरूपातला अवतार समज.) ते एका वेळी बैलगाडीभर भंगार उचलते आणि भट्टीच्या तोंडात सोडते. मग झाकण बसते आणि देवळाच्या खांबाएवढे तीन काळे खांब वरून खाली उतरू लागतात. त्यांतून वीज सोडतात. मी आयुष्यात गडगडाट पुष्कळ ऐकला आहे. परंतु तो आकाशात दूर कोठेतरी होतो. हा पायांतून वर आला. तुझ्या वहिनीने माझा दंड धरला, आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिला आधार हवा होता की मला, हे दोघांनाही कळले नाही.

भट्टीवर एक पिकल्या मिशांचा कारागीर होता. सर्व त्याला तात्या म्हणत होते. त्याने आम्हांस निळ्या काचा दिल्या. “नुसत्या डोळ्यांनी बघू नका, आजोबा. डोळे जातील.” निळ्या काचेतून मी आत पाहिले. सोळाशे अंशांवर लोखंड पाण्यासारखे हलते, नाना. त्याच्यावर मळी तरंगते, ती एका बाजूने ओतून काढतात, आणि खाली जे उरते ते लाल नसते, पिवळे नसते, पांढरे असते, आणि त्याच्याकडे पाहताना आपण पाहतो आहोत की आपल्याकडे पाहिले जात आहे, हे कळेनासे होते. उपासनेत जे दिसावे म्हणून मी पहाटे उठत आलो, ते मला भर दुपारी, पोलादी टोकाच्या बुटांत, दिसले. मी हात जोडले. कोणी हसले नाही. तात्यांनीही मघाशी, भट्टीचे दार उघडण्यापूर्वी, कपाळाला हात लावलेला मी पाहिला होता.

मग आम्ही बोलू लागलो. आत गेलेल्या वस्तूंचे काय होते, असे मी विचारले.

“काय व्हायचंय? कुणाची सायकल, कुणाचा पलंग. आत गेलं की कुणाचं काही राहत नाही. गंज, रंग, तेल, सगळं जळतं.”

“म्हणजे सर्व अशुद्धता जाते?”

“सगळी नाही. तांबं जात नाही.” तात्यांनी तोंड वाकडे केले. “एखादी मोटार, एखादी वायर भंगारात राहिली ना, की तांबं उतरतं आणि मग काही केल्या निघत नाही. माल लाटायला घेतला की तडकतो. तांबं आलं की माल बाटला, आजोबा. आमच्या इथं तांब्यासारखी घाण नाही.”

नाना, मी तात्यांकडे पाहतच राहिलो. तांबे! आपला कलश, आपली पळी, आपले ताम्हन. ज्या धातूपुढे आपण लोखंडाला उभे केले नाही, तो धातू येथे विटाळ! त्या क्षणी साठ वर्षांचे माझे अध्ययन पायाखालून सरकले आणि गंमत अशी, की मी पडलो नाही. उलट हलका झालो. शुद्धता पदार्थात नसते, तो कोठे आणि कशासाठी आहे यात असते, हे मी दुसऱ्यांना प्रवचनांतून सांगत आलो आहे. हे खरे असेल, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

पुढे जावईबापूंनी जे दाखवले ते थोडक्यात सांगतो (थोडक्यात सांगतो म्हटल्यावर तू डोळे मिटून घेतोस, ते उघड). ते पांढरे द्रव्य एका मोठ्या बादलीतून साच्यात उतरते आणि दुसऱ्या टोकाने लाल तुळई होऊन, कोणी ओढत असल्यासारखी, संथपणे बाहेर येते. लाटण्याखाली पोळी पसरावी तशी ती फिरत्या रुळांखाली लांब होत जाते. फरक इतकाच, की ही पोळी शंभर पावलांवरूनही चेहरा भाजते. आणि लोखंडाच्या जातीजातींतला भेद कशाचा? चिमूटभर कोळशाचा. शंभर भागांत कोळसा एका भागाचा दहावा हिस्सा असला तर मऊ तार होते, पाऊण भाग असला तर आगगाडीचा रूळ, सव्वा भाग झाला की दुसरे लोखंड कापणारी कानस, आणि तीन-चार भाग झाले की बीड, म्हणजे ओतीव लोखंड. कठीण खरे, पण पडले की फुटते. विद्येचेही असेच असावे, असे मी उद्गारलो. तुमच्यात किती भाग, असे तुझ्या वहिनीने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता बिडाच्या ढिगाकडे बोट दाखवले.

अखेरीस मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी आलो होतो. मांडीत घालतात, छातीत घालतात, ते पोलाद कोणते? जावईबापूंनी खिशातून एक लहानशी चकचकीत पट्टी काढली. त्यात लोखंडाबरोबर क्रोमियम असते, निकेल असते, आणखी काही असते. क्रोमियम हवेला भेटले की त्या पोलादावर आपोआप एक त्वचा धरते. डोळ्यांना न दिसणारी, बोटांना न कळणारी. तीच त्याला गंजू देत नाही. त्यांनी माझ्यादेखत खिळ्याने पट्टीवर ओरखडा ओढला आणि म्हणाले, “बघा, भरून आलीसुद्धा.”

मला ओरखडा दिसत होता. भरून आलेले दिसत नव्हते. परंतु ती त्वचा ओरखड्यावरही पुन्हा धरते, मनुष्याचा हात न लागता आणि कोणाला न कळवता, हे त्यांनी शपथेवर सांगितले. मी ती पट्टी बराच वेळ तळहातावर धरून उभा होतो. असले सात टाके नऊ वर्षे माझ्या उराशी आहेत. मी झोपलो तेव्हा ते जागे होते, मी शिंकलो तेव्हा त्यांनी हाड धरून ठेवले, मी लोखंडाविरुद्ध प्रवचन केले तेव्हा त्यांनी ते आतून ऐकून घेतले. आणि मी रोज दोन वेळा त्या सातांसह देवघराचा उंबरठा ओलांडला. देवाने हरकत घेतली नाही. त्याच्या ध्यानात आले नसेल, असे तू म्हणणार नाहीस. ध्यानात आले आणि तो माझ्याइतका वाद घालणारा नाही, एवढाच अर्थ निघतो.

म्हणून वडील बंधू या नात्याने निर्णय देतो. वडिलांचा नियम लोखंडासाठी होता, माणसासाठी नव्हता. सळई घालून घ्यावी. तू माझ्यासाठी केलेल्या सहीत पाप नव्हते. असलेच तर ते ज्याच्या छातीत तार आहे त्याचे आहे, आणि त्याने ते आनंदाने पत्करले आहे. तुझा पाय कोणताही हिशेब चुकता करत नाही. तू ओल्या फरशीवर घसरलास, कारण लेकीने ‘बाबा, थांबा’ म्हटले असताना तू थांबला नाहीस. यात दैव कोठेही नाही. शुक्रवारी सकाळी डॉक्टरांचा कागद येईल, त्यावर सही करावी.

तुझा,
दादा

ताजा कलम : वरील निर्णयास ग्रंथाधार नाही, हे तू ओळखले असशीलच. खरे सांगायचे तर तुझ्या लेकीचा पहिला फोन आला, तेव्हाच मी तुझ्या वहिनीला म्हणालो होतो, की सोन्याची घाला, लोखंडाची घाला, खुर्चीचा पाय कापून घाला, पण त्याला उभा करा. पुढचे सर्व दिवस तुला पटेल असे कारण शोधण्यात गेले. कारखाना पाहणे मात्र वाया गेले नाही. तात्यांनी पुन्हा बोलावले आहे.

दुसरा ताजा कलम : तुझी वहिनी कळवते, की नऊ वर्षे तुझे गुपित पोटात ठेवल्याबद्दल तिला तुझ्याकडून काही नको, फक्त तू स्वतःच्या पायांनी चालत येऊन तिची बोलणी उभ्याने ऐकून घ्यावीस. ती बरीच साचली आहेत.

तिसरा ताजा कलम : हे पत्र मी ज्या कारणाने लिहावयास घेतले, ते राहूनच गेले. सायंकाळचे स्तोत्र आपण लहानपणापासून वाटून म्हणतो. पहिली ओळ माझी, दुसरी तुझी, तिसरी माझी, चौथी तुझी. तू लेकीकडे गेल्यापासून मी रोज दिवा लावतो, पहिली ओळ म्हणतो आणि थांबतो. तुझी ओळ मला येत नाही. चौसष्ट वर्षे मी ती ऐकली, म्हटली कधीच नाही. अकरा दिवस झाले, देव एका ओळीवर बसून आहे. पोथी कपाटात आहे आणि ती उघडून वाचता येते, हे मला कृपा करून कोणी सांगू नये.